नऊ नंबरचं पान

जवाहरनगर,
४ सप्टेंबर २०२२

प्रिय जीवनदादा,

सप्रेम जय भीम.

एस.टी.ने पाठवलेला खोका उघडण्याआधी हे पत्र वाच. फोन न करता पत्र काहून, असं तू वहिनीला विचारशीलच. दादा, गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर वीस मिनिटं या मशीनबद्दल सांगत होते. तू बारा वेळा ‘हव’ म्हणालास आणि शेवटी विचारलंस, ‘मंग पोरीचं लग्न कधी हाय?’ प्रतिक्षा अजून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढल्यावर तुझ्या कानांना दोष देत नाही. पण मोबाईलवर लिहावं तर तुझ्या ग्रीसच्या बोटांना काच दाद देत नाही. तेव्हा पत्रच बरं. पत्राला ‘हव’ म्हणून टाळता येत नाही.

तान्ह्या पोळ्याला मी सानगडीला आले होते, त्या दिवशीचं सांगते. एक माणूस पिकअप घेऊन तुझ्या गॅरेजवर आला. तू नेहमीसारखा बॉनेटवर पंजा ठेवलास, डोळे मिटलेस, आणि लगेच हात काढून घेतलास. ‘सेंसरची हाय बापा. साकोलीले ने.’ तो गेला. तू फडक्याने हात पुसलास. हाताला काही लागलेलं नव्हतं.

वहिनी आत म्हणाली, ‘दिवाळी झाली का शटर पाडतो म्हणते. आमच्या पोरानं, सचिननं, नागपुरात खोली पाह्यली. एका बिल्डिंगीत वॉचमनचं काम हाय.’

घरी येऊन डायरीत लिहिलं की ज्या माणसाने हात लावून ट्रॅक्टरचं दुखणं ओळखलं, त्याने आता दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी फाटक उघडायचं, हे मला पटत नाही. मग खाली हेही लिहिलं की आई गेल्यापासून मावशीचं आणि तुझं घर हेच माझं माहेर आहे, म्हणजे यात माझा स्वार्थही असेल. असू दे.

तर हे मशीन. सगळ्या नव्या गाड्यांत एक छोटी पेटी असते, ईसीएम म्हणतात. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, ते ती ठरवते. या मशीनची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावली आणि दुसरं टोक लॅपटॉपला, की पेटीतलं वाचता येतं, लिहिताही येतं. लॅपटॉप प्रतिक्षाचा जुना आहे. किंमत विचारायची नाही.

मशीनची एकच खोड आहे. ते प्रत्येक गाडीला चालत नाही. कोणत्या गाडीला चालतं याची एकसष्ट पानी इंग्रजी यादी आहे. तुमच्या सानगडी-साकोलीच्या रस्त्यावर दिसतात त्या गाड्या निवडून मी मराठी वही केली आहे. बावीस गाड्या, प्रत्येकीला एक पान. गाडीचं नाव, साल, वाचता येते की नाही, लिहिता येते की नाही.

नियम एकच. आधी वाचायचं, जसंच्या तसं जपून ठेवायचं, मगच लिहायचं. कितीही घाई असली तरी.

मावशीला नमस्कार.

तुझी,
हर्षा


सानगडी,
१२ सप्टेंबर

हर्षाबाई,

जय भीम.

खोका भेटला. कंडक्टर म्हणे, ‘काय हाय गा यात, टीव्ही?’ मी म्हटलो, ‘डॉक्टर हाय.’

पहिल्या दिवशी हात लावलो नाही. समोर ठेवून नुसता पाहत बसलो. तुझी वहिनी म्हणे, ‘मशीन आणली का नवरी आणली?’ माय म्हणे, ‘हर्षीनं पाठवलं तं चांगलंच असन.’

दुसऱ्या दिवशी सरपंचाची जीप घेतलो. तुझं चार नंबरचं पान. वायर लावलो, चाबी फिरवलो, लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकत सरकत गेली अन् पेटी बोलली. बाई, इतके साल मी गाडीची नाडी पाहिलो. तिच्या मनातलं पहिल्यांदा वाचलो. सरपंच बाजूले उभा. म्हणते, ‘काय म्हणते गा माझी गाडी?’ मी म्हटलो, ‘म्हणते का मालक एअर फिल्टर दोन साल झाले बदलला नाही.’ ते मशीननं नाही सांगतलं, मीच पाहिलो होतो. पण आता सारा गाव म्हणते का मशीन चुगली करते.

ईसीएम-बिसीएम आमच्या तोंडात बसत नाही. इथं त्याले डोस्कं म्हणणं सुरू झालं. काल एकजण म्हणे, ‘जीवनभाऊ, जरा डोस्कं पाहून दे न.’ मी म्हटलो, ‘गाडीचं पाहतो. तुझं पाह्याची मशीन अजून आली नाही.’

आठ दिवसांत पाच गाड्या वाचलो. पाचही वहीबरहुकूम.

आता खरं काम. तेजरामची पिकअप आली हाय. तोच तो, तान्ह्या पोळ्याले ज्याले मी साकोलीले पाठवलो होतो. तिथं त्याले महिन्याची तारीख देल्ली, म्हणून परत आला. मी चारही इंजेक्टर नवीन टाकलो. पण नवीन इंजेक्टरचे नंबर डोस्क्यात लिहावे लागते, नाही तं डोस्कं त्यायले ओळखत नाही अन् गाडी थरथरते, बिमार माणसाले ताप आल्यावानी. हे माझं पहिलं लिहिणं.

तुझ्या वहीत नऊ नंबरच्या पानावर ही गाडी हाय. दोन खाने हायत. एक ‘२०१७ पर्यंत’, एक ‘२०१८ पासून’. तेजराम म्हणते, ‘अठराची हाय, डोळे मिटून लिहून घे.’ मी डोळे मिटत नाही. तू फॅक्टरीत तपासणीले हायस, तुझा शिक्का पाहिजे. कोणता खाना?

जीवन


जवाहरनगर,
१८ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि एकदा प्रतिक्षाला मोठ्याने वाचून दाखवलं. चुगलीखोर मशीनवर ती इतकी हसली की शेजारच्या क्वार्टरमधून विचारणा झाली.

आमच्या विभागात मी एकोणीस वर्षं वस्तू तपासून शिक्का मारते आहे. शिक्का मारण्याआधी दर वेळी वस्तू पुन्हा एकदा पाहते. इतकी वर्षं झाली तरी पाहते. त्यामुळे तू शिक्का मागितलास तेव्हा मला हसूही आलं आणि मानही मिळाल्यासारखा वाटला. वही पुन्हा काढली, मूळ यादी पुन्हा काढली.

गाडी अठराची. पान नऊ, दुसरा खाना. तपासले.

एक गोष्ट सांगून टाकते, मनात राहायला नको. मूळ यादीत सालाच्या आकड्यांपुढे बारीक चांदण्या होत्या आणि शेवटच्या पानांवर त्यांच्या टिपा. अक्षर इतकं बारीक की भिंग लागावं. त्या मी वहीत घेतल्या नाहीत. पानं स्वच्छ दिसावीत, तुला गोंधळ होऊ नये, असं वाटलं. आता लिहिताना शंका येते की घ्यायला हव्या होत्या. पण दोन-चार वाचल्या होत्या, त्या परदेशी गाड्यांबद्दल होत्या. बाकीच्याही तशाच असतील.

लिहिणं झालं की सगळं सविस्तर कळव. कोणत्या वारी झालं, मावशी काय म्हणाली, सगळं. मी डायरीत पान मोकळं सोडलं आहे.

तुझी,
हर्षा


सानगडी,
२ ऑक्टोबर

प्रिय भगिनी हर्षा हिस,

सविनय जय भीम.

येथे सर्व क्षेमकुशल आहे. आपले पत्र मिळाले. आनंद झाला. पाऊसपाणी समाधानकारक आहे. धान निसवले आहेत.

पाच तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीला जाण्याचे ठरले आहे. आईलाही नेत आहोत. सरपंचांची जीप आहे. मुक्कामाला सचिनकडे राहू. त्याने पाहिलेल्या खोलीला खिडकी आहे असे तो म्हणतो. चांगली गोष्ट आहे.

यंत्र खोक्यात नीट ठेवले आहे. वही सुद्धा ठेवली आहे. तेजराम यांची पिकअप सावलीत उभी आहे.

आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला बंधू,
जीवन


जवाहरनगर,
९ ऑक्टोबर

दादा,

‘क्षेमकुशल’ हा शब्द तू आयुष्यात कधी लिहिला आहेस? मला ‘भगिनी’ म्हटलंस तेव्हाच माझं अवसान गेलं.

तुझं पत्र मी तपासायला घेतलं, विभागात घेते तसं. मशीन खोक्यात का? वही खोक्यात का? चालू गाडी मालकाच्या दारात असते, तेजरामभाऊंची तुझ्या सावलीत का? आणि खिडकी असलेली खोली ‘चांगली गोष्ट’ कधीपासून झाली?

आधी वाटलं, तुला कामाचा कंटाळा आला आणि मीच तुझ्या गळ्यात हे बांधलं. दोन दिवस तसंच धरून बसले. डायरीत मोठं प्रायश्चित्तासारखं काही लिहिलंही. ते सगळं चुकीचं होतं. खरी गोष्ट शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कळली.

माझ्या टेबलाशेजारी चंद्रकांता बसते. लाखनीकडची, शेतकऱ्याघरची. तिच्या मुलाच्या मोटारसायकलीचं कौतुक चाललं होतं. म्हणाली, ‘कागदावर जानेवारी हाय वो, पण सर्व्हिसिंगवाला म्हणते, मॉडेल मागच्या सालचं हाय.’

मी म्हटलं, ‘असं काहून?’

‘काहून म्हणजे? पौष लागला होता न! पौषात घरात नवीन काही आणते का कोणी? दुकानदाराले म्हटलं, राहू दे महिनाभर तुझ्याच इथं.’

‘महिनाभर विकलेली गाडी दुकानात?’

‘हव. साऱ्याइच्या तशाच राह्यते. तुले नाही माहीत?’

मला नाही माहीत, दादा. तुलाही नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन मुहूर्त, अमावास्या सगळं सोडून दिलं, तेव्हापासून आपल्या घरी पौष म्हणजे थंडीचा एक महिना. प्रतिक्षाचा लॅपटॉप आम्ही कोणत्या महिन्यात घेतला ते मला आठवतसुद्धा नाही. नोंदणीचं साल आणि गाडी बनल्याचं साल यांच्यामध्ये एक अख्खा महिना उभा राहू शकतो, हे आपल्या डोक्यात कुठून यावं?

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. घरी येऊन भिंग घेतलं आणि नवव्या गाडीच्या चांदणीची टीप शोधली. शेवटून दुसरं पान. तिथे लिहिलं आहे: साल म्हणजे गाडी तयार झाल्याचं साल, नोंदणीचं नव्हे, लिहिण्यापूर्वी चासी नंबरातल्या सालाच्या अक्षरावरून खात्री करावी. या गाडीत ते शेवटून आठवं अक्षर. सतराला ‘एच’, अठराला ‘जे’.

म्हणजे जी चांदणी मी पान स्वच्छ दिसावं म्हणून पुसली, तीच कामाची होती. ती वगळली मी, न वाचता ‘परदेशी असेल’ म्हटलं मी, आणि वर शिक्काही मारला. तुला कमी समजेल असं मी धरून चालले, हे सगळ्यात वाईट. ते तुझ्यापाशी कबूल केल्याशिवाय माझं जेवण गोड होणार नाही.

आता तू सांग. पिकअप चालू आहे की नाही? आणि तेजरामभाऊंना एवढंच विचार, गाडी घरी कोणत्या महिन्यात आली?

हर्षा


सानगडी,
१३ ऑक्टोबर

हर्षाबाई,

पकडली तू. ‘क्षेमकुशल’ मी मायच्या पेटीतल्या जुन्या पत्रातून पाहून लिहिलो होतो. मले वाटलं भारी दिसन.

गाडी चोवीस सप्टेंबरपासून मेली हाय. दुसरा खाना निवडलो, इंजेक्टरचे नंबर लिहिलो, पट्टी पुरी झाली. चाबी फिरवलो. काहीच नाही. बॉनेटवर हात ठेवलो तं दगड. पहिले थरथरत होती ते बरं होतं, निदान जित्ती तं होती.

तुले काहून नाही सांगतलो? तू शिक्का मारली होती म्हणून. आपली चूक झाली असं तुले माहीत पडलं असतं तं तू आठ दिवस जेवली नसती. लहानपणी मायची कपबशी तुझ्या हातून फुटली तं तू तीन दिवस काळा चहा बशीशिवाय पेली होती, ध्यानात हाय मले. म्हटलं, दुकान बंद करून टाकतो, मंग विचारन कोण?

तुझं पत्र आलं अन् मी तेजरामकडे गेलो. तो बांधावर बसून होता.

‘तेजराम, पिकअप घरी कधी आणली गा?’

‘माघात.’

‘पैसे कधी भरले?’

‘मार्गशीर्षात. काहून?’

‘मंग मधात काय झालं?’

तो माझ्याकडे असा पाहे, जसा मी विचारलो का सूर्य कोण्या बाजूनं निघते.

‘मधात पौष होता न बापा!’

‘तवा गाडी कुठं होती?’

‘शोरूमात. मी दर आठ दिवसानं जाऊन पाहून येत होतो. एकदा हार बी घालून आलो. चालवलो नाही, नुसता आत बसलो.’

मी डोस्क्याले हात लावलो, माझ्या. तो म्हणे, ‘आता काय झालं?’ मी म्हटलो, ‘काही नाही. पाच साल झाले तुझ्या गाडीचं वय तू एक सालानं लपवून राहिला.’ तो म्हणे, ‘गाडी का नवरी होय?’ पण हासला. अठरा दिवसांत पहिल्यांदा हासला.

मंग आम्ही दोघंबी गाडीखाली उताणे पडलो. चासीवरचा चिखल खरडलो. शेवटून आठवं अक्षर. एच.

चांदण्या तू पुसल्या हे खरं. पण गाडीच्या मालकाले साल विचारून गप्प बसलो तो मीच. इंजिन पाहतो तं मी कोणाच्या बोलण्यावर भरोसा ठेवत नाही, हात लावून पाहतो. अन् इथं ‘अठराची’ म्हटलं का ऐकून घेतलो. अर्धी चूक माझी, ते तू मले ठेवू दे.

आता अडचण ऐक. लिहिण्याआधी वाचून जपून ठेवलो हाय, तुझा नियम मोडलो नाही. पण जुनं परत टाकावं तं टाकू कुठं? डोस्कं मशीनले ओ देत नाही. सॉकेटात वायर लावली का लॅपटॉप म्हणते, कोणी नाही घरात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तेजरामच्या गावची मंडई, सालाची एकच जत्रा. दंडारीची नाचणारी पार्टी दर साली ह्याच पिकअपमधून येते. तेजराम त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

हे डोस्कं उठलं नाही तं मी दिवाळीची बी वाट नाही पाहत, बाई. जो मेकॅनिक चालती गाडी मारते, त्यानं फाटकच उघडावं.

जीवन


जवाहरनगर,
१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

अर्धी चूक तू ठेव, मी भांडत नाही. वेळ नाही.

या वेळी मी एकसष्ट पानं चांदण्यांसकट वाचली. सत्तेचाळिसाव्या पानावर तुझ्यासाठी वाट आहे. सॉकेटातून ओ देत नसेल तर पेटी गाडीतून काढून टेबलावर घ्यायची आणि मशीनच्या वेगळ्या वायरी सरळ तिच्या पिनांना लावायच्या. ती वायरींची जुडी खोक्याच्या तळाशी आहे, निळ्या पिशवीत. नवव्या गाडीला, एच सालाला, ही पद्धत चालते. त्या चांदणीची टीपही वाचली. तिच्यात म्हटलं आहे की बारा व्होल्ट स्थिर पाहिजे, म्हणून गाडीची बॅटरी न वापरता चांगली भरलेली दुसरी वापर.

माझी खात्री कुठे संपते तेही सांगते. पेटी बाद झालेली नाही, ती फक्त गोंधळली आहे, आणि तू जपलेलं जुनं परत टाकलं की ती उठायला हवी, इथपर्यंत मला पक्कं माहीत आहे. वायरी कोणत्या पिनांना लावायच्या त्याची आकृती मात्र फिकट आहे. मी ती मोठी करून काढून पाठवली आहे. बारा पिनांबद्दल शंका नाही, उरलेल्या दोन पिनांपाशी प्रश्नचिन्ह केलं आहे. शिक्का मारलेला नाही, मुद्दाम.

मी स्वतः यावं का, यावर दोन दिवस विचार केला. सुट्टी मिळाली असती. पण मी आले तर तू पेटीकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहशील, आणि मी घाबरलेली दिसले की तूही घाबरशील. शिवाय टीप सांगते की एखादी पिन जरा ढिली असली तरी पेटी बोलत नाही. ढिली पिन मला भिंगातूनही दिसणार नाही. तुझ्या बोटांना कळेल. तान्ह्या पोळ्याला तू सेंसरची गाडी म्हणून हात काढून घेतलास ना, तो हात परत ठेव. एवढंच सांगायचं होतं, त्यासाठी तीन कागद फाडले.

सोबत नऊ नंबरचं नवं पान आहे. चांदण्यांसकट. जुनं फाडून टाक.

तुझी,
हर्षा


सानगडी,
२९ ऑक्टोबर

हर्षाबाई,

जय भीम, जय भीम, जय भीम!

पहिले वाचून घे: गाडी सुरू झाली. आता बस, चहा ठेव, बाकीचं आरामानं वाच.

बावीस तारखेले पेटी टेबलावर घेतलो. टेबल म्हणजे आपला जेवणाचा पाट, दोन टायरवर ठेवला. बॅटरी सरपंचाच्या जीपची. तेजराम समोर, माय दारात, तुझी वहिनी तुझी आकृती हातात धरून उभी, जसं लग्नात अंतरपाट धरते.

पहिल्यांदा लावलो, कोणी नाही घरात. तुझ्या प्रश्नचिन्हाच्या दोन पिना अदलाबदल करून पाहिलो, तरी नाही. तेजराम म्हणे, ‘राहू दे जीवनभाऊ, मी दंडारवाल्यायले बैलबंडीनं आणतो.’ मले असं झालं का आता जमीन फाटावी.

मंग मी लॅपटॉपकडे पाठ केलो. डोळे मिटलो अन् एकेक पिन अंगठ्यानं चाचपलो, इंजिनचे बोल्ट चाचपतो तशी. सातवी पिन हातात आली अन् मले समजलं. बाकीच्या उभ्या होत्या, ते जरा बसली होती. केसाएवढी. तुझ्या वहिनीच्या केसातली पिन मागितलो अन् हळूच वर उचललो.

हिरवी पट्टी! वहिनी किंचाळली असं म्हणते, मले ऐकू आलं नाही. जुनं डोस्कं परत टाकलो. मंग पहिला खाना, ‘२०१७ पर्यंत’, अन् त्यात चार इंजेक्टरचे नंबर. पेटी गाडीत बसवलो. तेजरामले म्हटलो, तू फिरव चाबी, तुझी गाडी हाय.

मी समोर उभा. खरं सांगतो, मले इंजिनचा आवाज आला नाही. तेजराम गाडीतून उतरून नाचाले लागला, तवा समजलो का सुरू झाली. मंग बॉनेटवर हात ठेवलो. थरथर नाही, ताप नाही. एकसारखी चालून राहिली. मायले बोलावलो. तिनं बी हात ठेवला. म्हणे, ‘पोटातलं पोरगं फिरल्यावानी वाटते रे.’

मंडईत पिकअप कशी आली ते तू पाह्याले पाहिजे होती. मागे दंडारवाले, त्यायचे ढोल, पाळण्यावाल्याच्या फळ्या, अन् वरून शिंगाड्याचे दोन पोते. तेजरामनं मले जबरदस्तीनं समोर बसवलं. तिथं लाउडस्पीकरवर त्यानं सांगतलं का ‘या पिकअपचं डोस्कं सानगडीच्या जीवननं ठिकाणावर आणलं.’ दोन घंट्यांत चौघं आले गाड्या दाखवाले. पाचवा आपल्या साळ्याले घेऊन आला, म्हणते याचंबी डोस्कं पाहा.

शटरच्या आतल्या भिंतीवर मी खडूनं लिहून ठेवलो हाय: गाडी बनली कधी? घरी आणली कधी? मधात पौष होता का? येणारा पहिले हासते, मंग बोटं मोजते. काल एक ट्रॅक्टरवाला म्हणे, ‘पौष नव्हता, पण पितृपक्ष होता.’ ते तुझ्या वहीत नव्हतं. मी चांदणी काढून लिहून घेतलो. सोबतचं पान पाह्य, अक्षर माझं हाय.

नऊ नंबरचं जुनं पान मी फाडलो नाही. ज्याले तू ‘तपासले’ म्हणून शिक्का मारली होती ते पान हाय. नव्याच्या मागं लावून ठेवलो.

सचिनले फोन करवलो वहिनीकडून. म्हटलं, खोली सोडून दे, वॉचमनचं बी नाही सांगून दे, अन् खिडकीतून पाह्याचं असन तं इथं ये, पिकअपच्या खिडकीतून पाह्य. तो म्हणे, ‘बाबाले विचारा, नक्की ना?’ मी दुरूनच म्हटलो, ‘हव!’ या खेपेले ऐकून म्हटलो.

एक राहिलं. या कागदाच्या खाली काळा पंजा उमटला हाय, तो डाग नाही. मुद्दाम ठेवलो. आज तेजरामची गाडी दुकानासमोर सुरू होती तवा हा हात बॉनेटवर होता, अन् तिथून उचलून सरळ कागदावर. आवाज मले पाठवता येत नाही. तू आपला हात त्यावर ठेवून पाहजो.

तपासून शिक्का मारजो.

तुझा,
जीवनदादा